एकशेबारा नंबरचा नळ

रंगाचा डबा चार दिवस उघडला नाही की वर साय धरते. ती काढली की खाली रंग ओलाच असतो. माझ्या त्या नोकरीतले किस्से तसेच आहेत. एक सांगून झाला की खालून दुसरा निघतो. मला लिहिता येत नाही. मी सांगतोय, सूनबाई लिहून घेतेय, आणि मध्येच "मतलब काय, बाबा?" असं विचारतेय. म्हणून सावकाश सांगतो.

ऐंशीनंतरची गोष्ट, जयपूरची. थोरला भाऊ रेल्वेत, दौंडहून त्याची तिकडे बदली झाली, त्याच्यामागून मी गेलो. शहराच्या मालकीचं काय काय आहे, कुठे आहे, धड आहे की मोडलंय, हे शहरालाच ठाऊक नव्हतं. ते सगळं लिहून काढायला मदत म्हणून दिल्लीहून माथुरसाहेब आले. आमची टोळी तिघांची. माथुरसाहेब, रजिस्टर सांभाळणारे ओव्हरसियर शर्माजी, आणि ब्रश घेऊन मी. नळ, दिव्याचा खांब, बागेतला बाक, जे दिसेल ते शर्माजी लिहायचे आणि त्याच्यावर मी लाल रंगात नंबर घालायचो.

साहेबांचा नियम एकच, पण कडक. "तीन महिन्यांनी तपासणी. ज्याच्यावर नंबर नाही ते रजिस्टरमधून बाद. आणि बाद झालेल्या नळाचं पाणी उन्हाळ्याआधी बंद."

* * *

मला आकडेही वाचता येत नव्हते. शर्माजी चिठ्ठीवर आकडा काढून द्यायचे, मी तो चित्रासारखा उतरवायचो. एकदा एका खांबापाशी शर्माजी थबकले.

"दादा, ही बिंदी कसली?"

"चिठ्ठीवर होती."

"अहो, पेनातून शाई सांडली होती ती."

मी खिशातून दुसरी चिठ्ठी काढून दाखवली. "मग ह्याच्यावर का नाही सांडली?"

दुसऱ्या दिवसापासून शर्माजी पेन्सिल आणायला लागले.

* * *

मानसरोवर वसाहत तेव्हा नुकती वसत होती. घरं अर्धी, माणसं त्याहून कमी, पण दिव्यांचे खांब मात्र रांगेत उभे. तारा अजून यायच्या होत्या. एका खांबावर मोर बसला होता.

रजिस्टरात स्थितीचे दोनच रकाने होते, चालू आणि बंद. शर्माजी अडले. "साहेब, जो कधी लागलाच नाही, त्याला बंद कसं म्हणू?"

माथुरसाहेबांनी मोराकडे बघत बराच विचार केला. "लिहा, चालू होणार आहे."

शर्माजींना तो शब्द फार आवडला. महिनाभराने साहेबांनी रजिस्टर चाळलं, तर अख्ख्या शहरात बंद असं काही उरलंच नव्हतं.

* * *

शास्त्रीनगरात मात्र काम अडलं. आमच्याआधी दुसऱ्या कुठल्या तरी खात्याची माणसं येऊन गेली होती. त्यांनी भिंतींवर लाल फुल्या मारल्या आणि आठवड्याने त्या भिंती पाडल्या. आता आम्ही आलो, तेही लाल रंग घेऊन. आम्ही एका गल्लीतून पुढच्या गल्लीत गेलो की मागच्या गल्लीत लोक फडकी घेऊन नंबर पुसायचे.

एका गल्लीच्या टोकाला नळ होता. बावीस घरांना तेवढा एकच. नळासमोर धापूबाईचं घर. एकटी म्हातारी, पण नळापाशी तिचा शब्द चालायचा. कुणी पाळी सोडून बादली पुढे सारली तर ही दारातूनच ओरडायची. तिच्या भिंतीवर गेरू सारवून पांढऱ्या मातीने नक्षी काढलेली असे, तिकडे मांडणा म्हणतात. हात मोठा सफाईचा.

मी नळाच्या खांबावर एकशेबारा घातला. दोनाच्या शेपटीतून रंगाचा एक ओघळ खाली आला. धापूबाई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती.

"हे कशाला, भाया?"

"नळ रजिस्टरात आला."

"आला की काय होतं?"

मी शर्माजींकडे पाहिलं. त्यांना पुढच्या गल्लीत जायची घाई. जाता जाता म्हणाले, "मग सरकारचं लक्ष राहतं!"

म्हातारीचा चेहरा उतरला. मला तेव्हाच थांबायला हवं होतं. पण शर्माजी वळणावरून हाका मारत होते. तिने दिलेलं पाणी प्यालो आणि निघालो. ओघळ पुसायचा राहिलाच.

* * *

बागेतल्या त्रेसष्ट नंबरच्या बाकाचं सांगतो. पुढच्या महिन्यात गेलो तर बाक बागेत नाही. शोधत शोधत निघालो, तर दोन गल्ल्या पलीकडे लिंबाखाली एका न्हाव्याची गिऱ्हाइकं त्याच्यावर बसलेली.

शर्माजी तापले. "सरकारी बाक उचलून आणलास?"

न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला नाही. "रागावू नका, शर्माजी. नंबर आहे ना त्याच्यावर. हरवणार कसा?"

शर्माजींनी मोडलेला बाक असं लिहायला पेन्सिल काढली, मग बाकाकडे पाहिलं. न्हाव्याने त्याचा हलणारा पाय खिळे मारून घट्ट केला होता. शेवटी जागेच्या रकान्यात बाग खोडून लिंब लिहिलं, आणि आलोच आहोत तर म्हणून दाढी करून घेतली.

* * *

तपासणीच्या दिवशी माथुरसाहेब स्वतः आले. मला सकाळपासून एकाच नळाची काळजी होती. गल्लीत शिरलो आणि लांबूनच दिसलं. नळाचा खांब लख्ख. रंगाचा कणसुद्धा नाही. राख लावून घासला होता.

"एकशेबारा," शर्माजी हळू म्हणाले. "नंबर नाही, साहेब."

साहेबांनी लाल पेन्सिल काढली. नळापाशी बायका हंडे घेऊन उभ्या होत्या, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

"जरा थांबा, साहेब," मी म्हणालो. पुढे काय बोलायचं ते मला सुचलेलं नव्हतं. म्हणून इकडेतिकडे बघत राहिलो, आणि माझी नजर धापूबाईच्या भिंतीवर गेली.

नवा गेरू सारवला होता. त्याच्यावर पांढऱ्या मातीत, भोवती वेलबुट्टी काढून, मधोमध एकशेबारा. दोनाखालचा ओघळसुद्धा तिने सोडला नव्हता. तोही नीट, शेवटपर्यंत उतरवला होता.

धापूबाई दारातच बसली होती. साहेब तिच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"माँजी, नळाचा नंबर घरावर कसा?"

ती उठली नाही. "पाडायचं तर हे पाडा. इथे मी एकटी आहे. नळावर बावीस घरं आहेत."

नळ वाहत होता. एका बाईने तो बंद केला.

साहेबांनी लाल पेन्सिल खिशात ठेवली. तिच्याजवळ उकिडवे बसले आणि रजिस्टर उघडून दाखवलं. पाडायला नाही, दुरुस्त करायला नंबर घालतो, हे तीनदा समजावलं. ती प्रत्येक वेळी मान डोलवत होती.

मग मला म्हणाले, "दादा, डबा उघडा."

चिठ्ठी नव्हती. मी तिच्या भिंतीकडे बघून नळावर पुन्हा एकशेबारा काढला. ह्या वेळी ओघळ येऊ दिला नाही. मग फडकं भिजवलं आणि भिंतीवरचा नंबर पुसायला गेलो.

धापूबाईने माझा हात धरला.

"रैबा दे, भाया. थांको कांई भरोसो." सूनबाई, मतलब असा: राहू दे रे भाऊ, तुमचा काय भरवसा.