काच आधी फुटली

जमिनीखालच्या खडकांवर वर्षानुवर्षे ताण साठतो, एक दिवस ते भेगेवर सरकतात आणि भूकंप होतो, हे मी कॉलेजात शिकलो. घरातला पहिला पदवीधर. वडिलांनी दुसऱ्याच्या शेतात राबून शिकवलं, म्हणून शिकलेलं मी जरा जास्तच खरं मानतो. मेहकर तालुक्यातल्या ज्या गावात मी शिक्षक आहे, तिथे मात्र भूकंपाचा उपयोग काय, हेही शिकायला मिळालं.

शाळेची नवी खोली सरपंचांच्या मेहुण्याने बांधली. दुसऱ्याच पावसाळ्यात भिंतीला तडा गेला. तो वाढतो का हे पाहायला मी त्यावर सिमेंटने काचेची पट्टी बसवली आणि शेजारी तारीख लिहिली. दर शनिवारी मुलं काच पाहून वहीत नोंद करत. दिवाळीनंतर काच फुटली. मी वर कळवलं. उत्तर आलं, वर्ग तिथेच भरवा. साहेबांचा वर्ग तिथे भरत नव्हता.

पंधरा दिवसांनी भर दुपारी जमीन गुरगुरली. दोन-तीन सेकंद. मुलं बाहेर पळाली, आणि संध्याकाळी सरपंच आत आले.

"मास्तर, तुमी शिकेल माणूस. लिवून द्या, भूकंपानं तडा गेला. नवी खोली भेटते."

"बांधणार कोण?"

"कोण म्हंजे? ज्याले सवय हाय तोच."

रिश्टरचा आकडा भूकंपाचा असतो. गाव किती हादरलं, ते भांडी वाजली की भिंती तडकल्या यावरून ठरतं. पंचनाम्याला आलेल्या तलाठ्यांना मी तेच सांगितलं, काच आणि तिची तारीखही सांगितली, आणि शाळेसमोरच्या म्हातारीच्या घरी नेलं.

"आजी, भांडी पडली का?"

"गिलास बी नाही पडला बापा. वाजले नुसते. तुमचा भूकंप काय निस्ता शाळेतच गेलता?"

आम्ही शाळेत परतलो तर भिंत पांढरीशुभ्र. मेहुण्याने काच खरवडून तारखेवर चुना मारला होता; तडा तेवढा भूकंपासाठी ठेवला होता. गावात इतकं झटपट काम मी पहिल्यांदाच पाहिलं.

"कुठी हाय तुमची तारीख?" सरपंचांनी विचारलं.

मी मुलांना वह्या काढायला सांगितल्या. प्रत्येक वहीत काचेचं चित्र आणि खाली तारीख. एकीने तर मेहुण्याचं नावही लिहिलं होतं, 'कारण' या रकान्यात. मी ते शिकवलं नव्हतं.

तलाठ्यांनी वह्या नेल्या. खोलीला कुलूप लागलं. वर्ग आता कडुनिंबाखाली भरतो. सरपंच माझ्याशी बोलत नाहीत.