इंगाबाईचं 'शे' आणि माझं 'आहे'

देवळ्याकडे जाताय म्हणून कुणी सल्ला विचारला, की मी सांगते: सकाळची एसटी घ्या, खिडकी पकडा आणि पोहोचल्यावर तोंडाला कुलूप लावा. तिसरी गोष्ट ब्याऐंशी साली मला जमली नाही.

तेव्हा मी नाशिक रोडच्या एका शाळेत हंगामी शिक्षिका होते. त्यातच एका संस्थेने डेन्मार्कहून आलेली एक स्वयंसेवक शिक्षिका माझ्या गळ्यात मारली. नाव इंगे. आमच्या कॉलनीने पहिल्याच दिवशी तिची इंगाबाई केली आणि तिने तीन महिने मला खरोखरच इंगा दाखवला. भिंत ती का आणि दगड तो का? मला काय ठाऊक? तरी घासूनपुसून तिचं मराठी मी स्वच्छ केलं. आता देवळ्यापुढच्या एका गावात तीन दिवस शिकवून दाखवायचं होतं. हेडगुरुजींनी 'चालेल' असं लिहून दिलं तर तिला वर्षभर राहता येणार, नाहीतर सरळ घरी परत. तिला राहायचंच होतं.

नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून गाडी तासभर उशिरा सुटली. तिकीट स्वस्त होतं, पण हाडं खिळखिळी होतात ती वेगळीच. चांदवडपर्यंत रस्ता बरा, पुढे नुसते खड्डे. शेजारच्या आजीबाईंनी कांद्याची गोणी आमच्या पायांवर टेकवली आणि इंगेला विचारलं, "कथाईन उनी व माय?"

इंगेने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. मलाही कळलं नव्हतं.

"कुठून आलीस, विचारतायत," पुढच्या बाकावरचा माणूस म्हणाला. इंगेने ते वहीत टिपलं. मी म्हटलं, "हे शिकू नकोस. हे अशुद्ध आहे." त्या माणसाने मान पुढे वळवली आणि देवळ्यापर्यंत आमच्याशी बोलला नाही.

उतरलो हेडगुरुजींच्या घरी. बाजरीची भाकरी आणि कांद्याच्या पातीची भाजी अशी होती की माझी चिडचिड तेवढ्यापुरती थांबली. इंगे मात्र चुलीपाशी बसून गुरुजींच्या आईकडून शब्द गोळा करत होती. माझ्या तीन महिन्यांच्या मेहनतीवर माझ्या डोळ्यांदेखत पाणी पडत होतं.

पहिल्या दिवशी इंगेने दुसरीच्या वर्गाला अगदी मी शिकवलं तसं विचारलं, "तुझं नाव काय आहे?" मुलं ढिम्म. गुरुजींनी 'चालेल' लिहायचा कागद खिशातच ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिने खडू खाली ठेवला आणि त्यांच्याच बोलीत विचारलं, "तुनं नाव काय शे?"

वर्ग खदखदून हसला. हात वर झाले. मागच्या रांगेतली एक मुलगी, दोन वेण्यांची, उभी राहिली. आणि मी मागून ओरडले, "शे नाही! आहे म्हण, आहे!"

वर झालेले हात खाली आले. इंगे लालबुंद. ती मुलगी खाली बसली आणि तिने पाटी तोंडापुढे धरली.

मधल्या सुट्टीत गुरुजी म्हणाले, "बाई, ती पोर जूनपासून वर्गात बोललेली नाही. आज पहिल्यांदा उभी राहिली होती. तुम्ही बसवली. पाहुण्याबाईंचं मी लिहीन, त्या शिकतील. तुमचं काय लिहू?"

मला त्यांचा राग आला. मग माझा आला. पहिलीत असताना मी 'हाय' म्हटलं म्हणून बाईंनी मला उभं करून दहा वेळा 'आहे' म्हणायला लावलं होतं आणि सगळा वर्ग हसला होता. मी तेव्हा नक्की अशीच बसले असणार. मग इतकी वर्षं मी कुणाची बाजू घेत होते?

तिसऱ्या दिवशी इंगेने मला पुढे उभं केलं. मी त्या मुलीपाशी गेले.

"तुझं नाव काय शे?"

ती पाटी खाली ठेवून म्हणाली, "तुझं नही. तुनं."

"तुनं नाव काय शे?"

"मनं नाव यमुना शे."

वर्ग मला हसला. हसू दे म्हटलं. गुरुजींनी तिथेच कागद काढून 'चालेल' लिहिलं. इंगे गावात राहिली आणि परतीच्या गाडीत मी एकटी, पायांवर परत कुणाची तरी कांद्याची गोणी.

घरी आले तर आई भाकऱ्या थापत होती. आमच्या कॉलनीत सगळे नोटांच्या प्रेसमधले कामगार नाहीतर कारकून, त्यांच्यासमोर ही हाय-व्हय करत बोलते याची मला लाज वाटायची. मी शाळेत शिकले तशी घरी येऊन तिची वाक्यं दुरुस्त करत आले होते. हळूहळू ती माझ्यासमोर कमी बोलायला लागली होती आणि मला वाटायचं, ती सुधारतेय.

"कशी हाय तुझी इंगाबाई?" तिने विचारलं आणि लगेच, सवयीने, "आहे," असं पुटपुटली.

"लय बरी हाय," मी म्हटलं.

तिचा हात थांबला. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "माझी थट्टा करतीस व्हय?"