दुधी कडू झाला तो उन्हाळा

दापोडीच्या आमच्या घरावर पत्रा आहे आणि पत्र्याला लागून चार हात स्लॅब. त्या चार हातांत माझ्या सासऱ्यांनी रंगाच्या रिकाम्या डब्यात दुधीचा वेल लावला होता. सासऱ्यांना आमच्यात मामा म्हणतात. मामा लातूरकडचे. आमच्याकडे राहायला येऊन पाच वर्षं झाली तरी हाताला माती लागल्याशिवाय त्यांचा दिवस जात नसे.

मी चाकणला एका कंपनीत गाड्यांच्या वायरिंगच्या जुड्या तपासते. दिवसभर उभं राहून एकच काम, हे पास, ते नापास. त्यामुळे घरी आल्यावर कुणी काही बघायला बोलावलं की माझं डोकंच उठतं. मामा रोज बोलवायचे. आज फूल आलं, आज तांबडे भुंगे आले. भुंगे पानांची नुसती चाळण करत. मामा सकाळी ऊन चढायच्या आत ते हाताने वेचायचे, वरून चाचांच्या तंदूरमधली राख भुरभुरायचे. चाचा म्हणजे समोरचे रोटीवाले. मी "बरं बरं" म्हणायचे आणि कणीक मळायला घ्यायचे.

त्या एप्रिलमध्ये नळाला एक दिवसाआड पाणी होतं. पिण्याचं भरून उरणार काय? वेलाच्या वाट्याला भांडी विसळलेलं पाणी, तेही कुणाला आठवलं तर. दुपारी पत्रा तापला की वेल मान टाकायचा आणि संध्याकाळी कसाबसा उभा राहायचा. पण मरेना. त्याने दोन दुधी धरले, आखूड आणि टणक सालीचे. मामांना कोण आनंद! अख्ख्या गल्लीला वर नेऊन दाखवले.

दुधीच्या रसाचं खूळ माझ्या नवऱ्याचं. मामांचं बीपी वाढलेलं, त्यात मोबाइलवर कुणीतरी व्हिडिओ पाठवला. तेव्हापासून मामांना रोज सकाळी उपाशीपोटी पेलाभर रस. करणार कोण, तर मी. दुधी चिरला की देठाकडची चकती जिभेला लावून बघायची आणि कडू लागली तर अख्खा दुधी फेकायचा, ही माझ्या आईची शिस्त. भाजी करताना मी ती कधी मोडली नाही. त्या सकाळी मोडली. आदल्या दिवशी ओव्हरटाइम झाला होता, पाय सुजले होते आणि सातची बस गाठायची होती. म्हटलं घरचाच दुधी आहे, त्याला काय तपासायचं? दिवसभर लोकांचा माल तपासणाऱ्या बाईचं हे शहाणपण.

मामांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "पोरी, लई कडू लागायलंय गं."

मामांची जीभ मोठी चोखंदळ. कालची भाजी आज गरम करून वाढली तर पहिल्या घासाला ओळखतात, आणि ओळखून गप्प बसत नाहीत. मी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. म्हणाले, "औषध आहे ते, मामा. कडू तेच गुणाचं. नाक दाबून प्या, मला उशीर होतोय."

त्यांनी नाक दाबलं. पेला रिकामा करून मोरीत ठेवला. आज वाद घातला नाही म्हणून मला बरंच वाटलं.

साडेनऊच्या सुमारास सुपरवायझरने मला लाइनवरून बोलावलं. चाचांचा फोन होता. मामांच्या उलट्या थांबत नव्हत्या, शेवटच्या उलटीत रक्त पडलं होतं आणि चाचा त्यांना घेऊन दवाखान्यात निघाले होते. मी गेटपास घेतला आणि मिळेल त्या रिक्षात बसले. मोशीला ट्रॅफिक तुंबलेलं. घाबरले होते. पण सगळ्यात आधी मनात आलं ते हे, की सकाळी मी काय बोलले ते चाचांनी ऐकलं तर नसेल? लिहिताना लाज वाटते, पण असंच झालं.

दवाखान्यात पोचले तेव्हा मामांचं बीपी पार खाली गेलं होतं. नवरा फर्स्ट शिफ्ट अर्धी टाकून आला होता, येताना घरी जाऊन राहिलेला अर्धा दुधी घेऊन आला. डॉक्टर एक तरुण मुलगी होती. दुधीचं ऐकल्याबरोबर तिने कपाळाला हात लावला.

"झाडाला पळून जाता येत नाही ना," ती म्हणाली. "पाणी तुटलं, ऊन अति झालं, कीड खायला लागली, की ते स्वतःच्या अंगातच विष तयार करतं. दुधी-काकडीच्या कुळात ते विष कडू असतं. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या गोड दुधीचंच बी राखलं, म्हणून ते एरवी दबलेलं असतं. कधी बियाण्यातूनच येतं, कधी असा उन्हाळा ते वर काढतो. शिजवलं तरी जात नाही."

"पण भुंगे तर मजेत खात होते," नवरा म्हणाला.

"त्या भुंग्यांना ते पचतं. उलट त्याच्या ओढीने येतात. इतर किडे लांब राहतात, आणि माणसाला ते सोसत नाही."

मला वेलाचा राग यायला हवा होता, पण आला नाही. मुळाला पाणी नाही, बाजूला तापलेला पत्रा आणि वरून पानं कुरतडणारे. कडू होईल नाहीतर काय करेल? सकाळी सहाला माझ्या तोंडून तरी कुठे गोड शब्द निघतो?

मग तिने मामांना विचारलं, "आजोबा, इतकं कडू होतं. पिताना कळलं नाही?"

नवरा उशाशी होता, मी पायथ्याशी. मामांनी डोळे न उघडताच सांगितलं, "न्हाई कळलं. वयानं जीभ गेली आता."

मी त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली.

पाचव्या दिवशी मामा घरी आले. तोवर नवऱ्याने वेल उपटून टाकला होता. आणि मामांची जीभ गेली हे घरात पक्कं झालं. त्यांनी भाजी आणायची नाही, गॅसला हात लावायचा नाही, एकट्याने बाजारात जायचं नाही. "बाबांना आता कळत नाही," असं नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, तेही त्यांच्यासमोर. मामा ऐकून घ्यायचे. भाजीला नावं ठेवणंही त्यांनी सोडलं. पानात पडेल ते खाऊन उठायचे. एकदा तरी त्यांनी माझ्यावर ओरडावं असं मला वाटायचं. महिनाभर मी रोज ठरवायचे की आज सांगायचं, आणि रोज दमलेली असायचे. दमणं फार सोयीचं असतं.

एका रविवारी दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. मामांनी आमटीचा पहिला भुरका घेतला आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मीठ न्हाई आमटीत."

"आहे, बाबा," मोबाइलवरून नजर न काढता नवरा म्हणाला. "तुमची जीभ गेलीय." मग त्याने स्वतः घास घेतला आणि थांबला. "अगं, खरंच नाहीये की."

त्याने मोबाइल खाली ठेवला. मामांकडे बघत राहिला. "मग त्या दिवशी एवढं कडू कसं कळलं नाही?"

मामा खाली मान घालून भाकरी कुस्करत राहिले. आणखी एखादी थाप ते जुळवत होते, हे मला समोरून दिसत होतं.

"कळलं होतं," मी म्हणाले. "मला सांगितलंही त्यांनी. मीच म्हणाले, नाक दाबून प्या."

नवऱ्याचा हात ताटावर तसाच राहिला. वरचा पत्रा उन्हाने कडकड वाजत होता. मी रडत होते बहुतेक.

मामांनी आमटीची वाटी माझ्याकडे सरकवली.

"आधी मीठ घाल त्यात," ते म्हणाले.