तात्यांचा वाफसा

ओल्या मातीचा लहानसा गोळा मुठीत दाबायचा, मूठ उघडायची, अंगठ्यानं गोळा फोडायचा आणि म्हणायचं, “हाय वाफसा.” नाहीतर, “न्हाय आजून.” तात्यांचं सगळं आयुष्य पणदऱ्याच्या उसाच्या रानात गेलेलं. बारामतीत धाकट्या मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आले तरी हाताची सवय काही सुटली नाही. टीव्हीसमोर बसल्या बसल्या त्यांची रिकामी मूठ मिटायची, उघडायची.

वाफसा तुम्हाला ठाऊक असेलच. रान भिजलं की लगेच आत पाय घालायचा नाही. चिखल ओसरावा, पण ओल राहावी. मुळांना पाणी मिळावं आणि वाराही मिळावा, अशी ती मधली वेळ. तात्या तो शब्द रानापुरता ठेवायला तयार नव्हते. चहा फार गरम असला तर “येऊ द्या वाफसा.” मुलगा कंपनीतून तणतणत आला की सुनेला हळूच, “आत्ता काय बोलू नगंस. वाफसा न्हाय.”

मी फिजिओथेरपिस्ट. लकवा झालेल्या लोकांच्या घरी जाऊन त्यांच्याकडून हातापायांचे व्यायाम करून घ्यायचे, हे माझं काम. मूळची इंदापूरची, तोंडानं तिखट. पहिल्याच दिवशी लिफ्ट बंद म्हणून चार जिने चढून धापा टाकत, वॉचमनच्या नावानं बोटं मोडत आत गेले, तर तात्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि म्हणाले, “बसा म्याडम. वाफसा आला की सुरू करू.” मला राग यायला हवा होता, पण हसूच फुटलं.

मी जायचे माईंसाठी. माई म्हणजे तात्यांची बायको. लकव्यानं त्यांची उजवी बाजू गेली होती आणि तिच्याबरोबर वाचाही. पाय हळूहळू टेकायला लागला, पण उजवी मूठ काही मिटेना. तात्या रोज मला दारापर्यंत पोचवायला यायचे आणि तेच बोलायचे, “तिची मूठ तेवढी मिटू द्या. जलमभर खुरपं धरलेला हात हाय. असा उघडा पडलेला बगवत न्हाय मला.”

मी मुठीत दाबायला रबरी चेंडू दिला होता. माई तो सोडून द्यायच्या, चेंडू खाटेखाली जायचा, तात्या वाकून काढायचे आणि परत हातात ठेवायचे. माईंचं मनच नव्हतं त्यात.

मग पुण्याची लेक आली आणि आईसाठी ऑर्किडची कुंडी ठेवून गेली. जांभळ्या फुलांचा लांब झुबका. खाटेशेजारच्या खिडकीत ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी मी गेले तर माईंचा उजवा हात थरथरत त्या फुलांकडे निघाला होता! मी अशी संधी सोडते होय? चेंडू पिशवीत टाकला आणि रोज म्हणायला लागले, “माई, फुलाला हात लावा.” त्या लावायच्या. खुर्चीतले तात्या श्वास रोखून बघत बसायचे.

एवढ्यावर थांबले असते तर ते तात्या कसले! एके दिवशी त्यांनी कुंडीत बोट घातलं आणि ओरडलेच, “अगं बया! ह्यात मातीच न्हाय! निस्ती सालपटं! पोरीला फशिवलं की दुकानदारानं!”

“तात्या, असू दे. ह्या झाडाचं असंच असतं म्हणतात,” मी म्हटलं.

“मातीबिगर झाड? मग ते झाड हाय का प्लास्टिकचं?”

पुढच्या रविवारी ते एसटीनं पणदऱ्याला गेले आणि पिशवी भरून आणली. मळ्यातली काळी माती, जुनं शेणखत, वर साखर कारखान्याची कुजलेली मळी. ज्यावर उसाची कांडी मनगटाएवढी होते, ते सगळं त्या नाजूक झाडाच्या वाट्याला आलं. सालपटं कचऱ्यात गेली. काळी माती चांगली दाबून बसवली, आणि सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी. “लेकीनं दिल्यालं झाड हाय, त्येला काय उपाशी ठिवायचं?”

अति तिथं माती म्हणतात, इथं तर खरोखरचीच माती! आठवडाभरात फुलं गळाली. पानं पिवळी पडून लोंबायला लागली. माईंनी भिंतीकडं तोंड केलं. मी हात धरला की झटकायच्या, डोळे मिटून घ्यायच्या. इतक्या दिवसांची माझी मेहनत पाण्यात गेली होती. मी भडकले.

“तात्या, अहो ऊस आहे का हा, की वाकुरी भरून पाणी सोडताय? लाडानं वाट लावलीत झाडाची!”

मी निघाले तेव्हा ते दारापर्यंतही आले नाहीत, आणि ते मला दिवसभर बोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना गाडीवर मागं बसवलं आणि भिगवण रस्त्यावरच्या एका नर्सरीत नेलं. मांडीवर कुंडी, दोन्ही हातांनी कवटाळलेली. नर्सरीवाल्यानं झाड उपटलं तर मुळांचा काळा लगदा, आणि घाण वास. त्यानं सडकी मुळं कापून टाकली, जिवंत अशी दोन-चारच राहिली. मग तो म्हणाला, “आजोबा, हे जंगलात मोठ्या झाडांच्या खोडाला धरून वाढतं. ह्याची मुळं वाऱ्यावर असतात. ओल पाहिजे, पण वारा आधी पाहिजे.”

तात्यांनी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. “म्हंजी वाफसाच की गं पोरी!” मग उरलेल्या मुळांवरून बोट फिरवत म्हणाले, “साऱ्या गावाला वाफसा सांगितला, आन् ह्या गरिबाला चिखलात घातला मी.”

मग त्या दुकानात जे चाललं ते बघायला तुम्ही हवे होतात. शेवाळ, झाडाच्या सालींचे तुकडे, नारळाची सोडणं, कोळसा, एकेक वस्तू पाण्यात बुडवून तात्या मुठीत दाबत होते. नर्सरीवाला आधी हसला, नंतर स्वतःच बादली आणून दिली. सगळ्यातलं थोडं थोडं घेऊन आम्ही आलो. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांना तापल्या खिळ्यानं भोकं पाडून खिडकीत ओळीनं मांडले. शेवाळ ओलंच राहायचं, तात्या नाक मुरडायचे. नुसता कोळसा कूलरच्या वाऱ्यानं दुपारीच ठणठणीत. शेवटी ठरलं: साली जास्त, तांबडं पाणी जाईपर्यंत धुतलेली सोडणं थोडी, आणि बोटभर कोळसा. त्यातच झाड परत कुंडीत लावलं.

पण त्यांची खरी करामत पुढंच आहे. आता कुंडीतला तुकडा ते स्वतः दाबेनात. माईंच्या उजव्या हातात ठेवायचे. “मला आता कळंना झालंय. तूच सांग, वलं हाय का कोरडं? दाब. दाखव.” माई बोटं वाकवायच्या, तात्या खुर्चीतून तळहातावर वाकून बघायचे. कधी मुद्दाम चुकीचं सांगायचे, म्हणजे त्या चिडून पुन्हा दाबायच्या. माझ्या चेंडूनं जे झालं नाही ते नारळाच्या सोडणानं व्हायला लागलं. बोटं तळव्याला टेकायला आली, पूर्ण मिटत मात्र नव्हती.

वर्ष गेलं. थंडीत पानांच्या बेचक्यातून हिरवा दांडा डोकावला, दोन महिन्यांनी त्यावर कळ्या धरल्या. तात्यांनी दारातच मला बातमी दिली. “फुलं उमलायच्या आत तिची मूठ मिटती का न्हाय बगा!” मी म्हटलं, मिटणारच. आणि त्याच आठवड्यात सकाळी अंघोळीला जातो म्हणून उठलेले तात्या न्हाणीच्या दारात बसले ते बसलेच.

तेराव्यानंतर मी गेले. जावंसं वाटत नव्हतं. दारात तांब्या घेऊन कुणी उभं नव्हतं. दांड्याला कळ्या टचटचीत भरल्या होत्या, एक उमलली होती. तात्यांची खुर्ची तिथंच होती, कुणी हलवली नव्हती. सूनबाई तांब्या घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “गडबडीत झाडाकडं बघायचं राहूनच जातंय. घालते आता पाणी.”

माईंच्या घशातून आवाज आला. उजवा हात उठला, कुंडीत गेला आणि सालीचा एक तुकडा घेऊन आला. बोटं मिटायला लागली. मिटली, पूर्ण मिटली, पार नखं पांढरी होईपर्यंत! मग त्यांनी मूठ उघडली आणि तळहात सवयीनं खुर्चीकडं नेला.

हात तसाच राहिला. मला रडू आवरेना. पण कुणीतरी म्हणायला हवंच होतं, म्हणून मीच खुर्चीजवळ वाकून म्हटलं, “दाखवा माई.”

त्यांनी तळहात माझ्याकडं वळवला. ओठ बराच वेळ हलत राहिले.

“हाय,” त्या म्हणाल्या. “वाफसा हाय. पानी नगं.”

सूनबाई भरलेला तांब्या तसाच आत घेऊन गेल्या.