दाराबाहेरचे बूट

मी चपला-बूट चोरायचो. हे वाक्य तोंडातून निघायला मला फार वर्षं लागली, म्हणून तेच आधी लिहून टाकतो.

तुर्भ्याच्या कारखान्यातलं कंत्राट संपलं, तेव्हा बायकोला सांगितलं की कुरिअरमध्ये लागलोय. तसं पूर्ण खोटं नव्हतं. काही महिने खरंच पाकिटं वाटली. त्या कामातच कळलं, की दुपारची जेवणं झाली की सोसायट्या झोपतात. दाराला सेफ्टी डोअर, आत दोन-दोन कड्या, आणि बाहेर रॅकवर चांगले चामड्याचे बूट नुसते ठेवलेले. खांद्यावर कुरिअरची बॅग असलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. कुरिअर सुटलं, बॅग राहिली. माल मी कोपरखैरण्यातल्या एका जुन्या बुटांच्या व्यापाऱ्याला द्यायचो. तो पॉलिश मारून विकायचा.

मनाच्या समाधानासाठी मी दोन नियम ठेवले होते. मुलांच्या शाळेचे बूट घ्यायचे नाहीत, आणि ज्या घरात माणूस गेलंय त्या दारासमोर हात घालायचा नाही.

त्या दुपारी मी जुईनगरच्या एका जुन्या इमारतीत बाजूच्या फाटकाने शिरलो. तिथे वॉचमन नसायचा. तिसऱ्या मजल्यावर एका दारासमोर दोनच जोड होते. एक झिजलेल्या चपलांचा, एक नव्याकोऱ्या तपकिरी बुटांचा. मी वाकलो तेवढ्यात आतून म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला, "आलायस तर बस की जरा. चहा टाकतो."

आवाजात माया होती. दुसरं कुणीतरी हळू काहीतरी बोललं. खरं सांगतो, मला बरं वाटलं. चहा टाकला म्हणजे पाहुणा लगेच उठत नाही. बूट बॅगेत सारले आणि जिना उतरलो.

व्यापाऱ्याने बूट उलटे करून पाहिले आणि हसायलाच लागला. "भाऊ, हे काय उचलून आणलंस? डाव्याचा तळ बघ. चांगला दोन बोटं जास्त जाड. मुद्दाम करून घेतलाय. ज्याचा पाय आखूड त्यालाच होणार हे. आता त्यालाच शोध आणि त्यालाच वीक."

मी ते घरी माळ्यावर फेकले.

काही दिवसांनी जुईनगर स्टेशनबाहेर चहा पीत होतो. शेजारी दोन रिक्षावाले बोलत होते. त्याच इमारतीतला, तिसऱ्या माळ्यावर एकटा राहणारा म्हातारा. मी बूट उचलले त्याच दिवशी उशी दाबून मारला. गळ्यातली चेनही गेली.

"कोणी?" दुसऱ्याने विचारलं.

"जेवण करणाऱ्या बाईने, दुसरं कोण? चावी तिच्याकडं. डॉक्टर बोलला, दुपारी मेला. आणि दुपारी त्या घरात तीच गेलेली, शेजारणीनं बघितलीय. दुसरं कोण आलंच नाय."

दुसरं कुणी आलंच नाही. मी चहा तसाच ठेवून उठलो. दुसरं कुणीतरी आलं होतं, आणि त्याचे बूट माझ्या माळ्यावर होते. शिवाय मी वाकलो तेव्हा त्या दारासमोर बाईमाणसाची चप्पल नव्हतीच. जेवण करणारी बाई चपला काढल्याशिवाय कुणाच्या घरात शिरत नाही. जेवणाची वेळ टळली होती, म्हणजे ती काम उरकून गेली होती, आणि ती गेल्यावरही म्हातारा जिवंत होता, चहा टाकायला निघाला होता. हे जगात दोघांनाच माहीत होतं. मला, आणि ज्याने त्याला मारलं त्याला. तो म्हाताऱ्याच्या चपला घालून निघून गेला असणार.

इतकं कळूनही मी गप्प बसलो. चौकशी केली तेव्हा कळलं, की आत टाकलेली बाई खाडीकडच्या गावातली आहे, आधी मासे विकायची, नवरा नाही, लेक शिकतेय. मग चौकशी करणंही बंद केलं.

एकदा बूट पाण्यात टाकायला वाशीच्या पुलापर्यंत गेलो आणि तसाच परत आलो. एकदा ते पिशवीत घालून पोलीस ठाण्याबाहेरच्या बाकाखाली सोडले आणि चालू लागलो. वाटलं, त्यांचं ते शोधून काढतील. मागून हवालदार धावत आला. "ओ काका, पिशवी राहिली तुमची. सांभाळा जरा, चोर फार झालेत."

मी थँक्यू म्हणालो आणि पिशवी घेऊन घरी आलो.

शेवटी बायकोनेच ते बूट माळ्यावरून काढले. "कुणाचे हे?" तिने विचारलं, आणि मी सगळं सांगितलं. कुरिअरपासून सगळं. ती डाळ निवडायला बसली.

मग म्हणाली, "ती बाई सुटली म्हणजे तुम्ही सुटाल, असं वाटतंय का तुम्हाला?"

"नाही."

"मग जा. पण तो इस्त्रीचा शर्ट घालून जा. चोरासारखे जाऊ नका."

पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "तू चोर म्हणून आलायस की साक्षीदार म्हणून?"

"दोन्ही, साहेब."

"मग म्हाताऱ्याला तूच मारलं नसशील कशावरून?"

हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं. त्यांनी मला आत बसवलं. पुढचे कित्येक दिवस त्या खुनात संशयित मीच होतो. तेच तेच प्रश्न उलटेसुलटे विचारले गेले, आणि मी तेच उत्तर देत राहिलो. मला पहिल्यांदाच काही लपवायचं नव्हतं. बुटांवरून ते करून देणारा चांभार सापडला आणि त्याच्याकडून गिऱ्हाईक. म्हाताऱ्याचा सख्खा पुतण्या. अंत्यविधीला पुढे होऊन रडलेला. त्या दिवशी आपण शहरातच नव्हतो, असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं. म्हाताऱ्याच्या झिजलेल्या चपला त्याच्या गाडीच्या डिकीत निघाल्या. भांडण फ्लॅटवरून होतं; चेन नुसती चोरी वाटावी म्हणून काढलेली. बाईला सोडलं.

माझ्यावर चोरीची केस झाली. वकील तरुण होता, हुशार होता. त्याने मला बाजूला घेतलं. "काका, गुन्हा नाकबूल करा. तुम्हाला बूट उचलताना पाहिलंय कुणी? जिन्यात सापडले म्हणा. आरामात सुटाल."

"आणि खुनाच्या केसचं काय?"

"ती केस वेगळी."

"वेगळी कशी? मी ते दाराबाहेरून चोरले नाहीत, तर ते दाराबाहेर नव्हतेच. मग पुतण्या तिथे नव्हता. मग पुन्हा ती बाईच उरते."

चोरी कबूल करायचीच, हे माझं तेव्हा ठरलं. त्या बाईचं निर्दोष असणं माझ्या गुन्ह्यावर उभं होतं, आणि त्यातला कणभरही मी कमी करून देणार नव्हतो. मी गुन्हा कबूल केला, शिक्षा भोगली.

नंतर बेलापूरच्या कोर्टात खुनाच्या खटल्यात उभा राहिलो. पुतण्याच्या वकिलाने विचारलं, "चोर तुम्ही. खोटं बोलणं हाच तुमचा धंदा, नाही का?"

"साहेब, चोरी करताना मी एक शब्द बोलत नव्हतो," मी म्हणालो. "बोलायला आत्ता लागलोय."

त्याने बरंच फिरवलं. मी दार सोडलं नाही. दोन जोड, आतला आवाज, चहा. शेवटपर्यंत तेवढंच.

बाहेर व्हरांड्यात ती बाई लेकीला घेऊन बसली होती. तिचीही साक्ष होती. तिने मला जवळ बोलावलं.

"तूच नं तो बुटांचा?"

"हो, ताई."

"मना गनपतीच्या आधी आत टाकली. दिवाली गेली तवा सोडली. पोरीला बोलली, शाला सोडू नको, तर बाकीची पोरं तिला खुन्याची पोर बोलाची. तू एवढं दिस काय करीत व्हतास?"

बायको, घर, गेलेली नोकरी, सगळी कारणं तोंडाशी आली होती. मी म्हणालो, "भीत होतो."

"आन मी नव्हती भीत?"

ती पिशवी उचलून उठली. जाता जाता तिची नजर माझ्या पायातल्या चपलांकडे गेली.

"या तरी तुज्याच हायत नं?"

"विकतच्या आहेत."

"बरा हाय," ती म्हणाली आणि लेकीचा हात धरून जिना उतरली. मला माफ केलं, असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.