भर आरतीत वाफा आल्या तेव्हा

पन्नाशी जवळ आली आणि माझ्या अंगात भट्टीच पेटली. भाकरी थापताना, एसटीत, कुठंही. छातीतून वाफा उसळायच्या, तोंड लालबुंद व्हायचं, पाठीवरून घाम ओघळायचा. मुळात मी तापट, त्यात हे. घरातले सगळे चार हात लांबच राहायचे. शेवटी अंबाजोगाईला दवाखान्यात गेले.

"पाळी जायची वेळ आलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं इस्ट्रोजेन तुमच्या रक्तवाहिन्या लवचिक ठेवत होतं आणि मेंदूला अंगाच्या तापमानाचा नीट अंदाज येऊ देत होतं. आता ते घटतंय, म्हणून मेंदूचा अंदाज चुकतो. अंग तापलंय असं समजून तो कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या एकदम उघडतो आणि रक्त तिकडं धावतं."

हार्टचं काही नाही म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला. घरी मात्र तोंड उघडलं नाही. असल्या गोष्टी सासूबाईंसमोर कोण बोलणार?

तेव्हा घरात धुसफूस चालू होती. धाकट्या जावेच्या लेकीला बारावीनंतर नर्सिंगला जायचं होतं आणि सासूबाईंना तिचं लग्न उरकायचं होतं. सासूबाईंपुढं त्यांच्या मुलांचंही चालत नाही.

नवरात्रात घाटनांदूरला आमच्या गल्लीत सकाळची आरती रंगली होती. कापूर, संबळ, बायकांची दाटी. आणि आल्या वाफा! मला चक्कर येऊन मी डोलायला लागले. कुणीतरी ओरडलं, "आई आली!" लगेच कपाळभर मळवट भरला गेला. मी "पाणी, पाणी" म्हणतेय, पण ऐकतंय कोण! ज्यांच्या पाया पडण्यात माझी उमर गेली, त्या सासूबाईंनी माझ्या पायावर डोकं टेकवलं. हसू दाबता दाबता मी आणखीच थरथरले.

तेवढ्यात जाऊ हात जोडून पुढं आली. "आई, लेकीचं लगीन लावू का तिला शिकाया धाडू?"

मी घुमले नाही, की देवीचा आव आणला नाही. रोज मनात होतं तेच बोलले, "शिकू दे पोरीला. लग्नाची कसली घाई हाय?"

सासूबाई उठल्या. "आईचाच हुकूम हाय. आता मी कावून आडवी येऊ?"

घरी येताना मला राहवेना. "अगं, देवी-बिवी कायबी नव्हती," मी जावेला म्हणाले. "वयामुळं होतंय ते."

"ठाव हाय, अक्का. चुलीम्होरं रोज बघती की मी तुमाला. सासूबाई माझं ऐकत न्हाईत, तुमचंबी न्हाई. तुमचं तोंड लाल झालेलं दिसलं अन् म्हणलं, आता इचारलं न्हाई तर पोरगी हातची गेली."

भर रस्त्यात मी तिला मिठी मारली. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.