कडुनिंबाचा कॅन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझ्या रक्तातली साखरसुद्धा माझ्याआधी कळते. सात वर्षं झाली.

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीच्या फाटकावर पाटी आहे — ‘विषमुक्त बाग’. तिच्या अनावरणाला दोन शाली आणि तीन भाषणं खर्ची पडली. मागच्या खुर्चीत बसून मी हसलो होतो. पण बाग समितीचा प्रमुख कोण? मीच. हसणाऱ्यालाही पद आवडतं.

बागांच्या स्पर्धेचे परीक्षक यायचे होते आणि जास्वंदी पिठ्या ढेकणाने पांढऱ्या पडलेल्या. कडुनिंबाच्या तेलाला तो दाद देईना. मी मार्केट यार्डाजवळून शेतीचं औषध आणलं — ऑर्गॅनोफॉस्फेट. आणि ओतलं कुठे? कडुनिंबाच्या रिकाम्या कॅनमध्ये. पाटीची अब्रू राहावी म्हणून.

आमचा माळी दशरथ, यवतमाळकडचा. कडुनिंबाचं तेल तो पाण्यात हातानेच ढवळायचा. मला माहीत होतं. हे विष कातडीतूनही भिनतं, हेही माहीत होतं — जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं मी. वास वेगळा येतो, असं तो म्हणाला. ‘नवीन कंपनीचं आहे,’ मी म्हणालो.

दुपारी तो कोसळला. घाम, लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. डॉक्टरांनी ओळखलं — कीटकनाशक. पण बागेत तर नुसता कडुनिंब. मग? यवतमाळचा माणूस म्हटल्यावर पुण्यात दुसरं कारण कुणाला सुचतं? विष प्यायला असणार.

तो वाचला. शुद्धीवर आल्यावर, बायकोसमोर, मला म्हणाला, ‘म्या काही पेलो नाही, सर. तुम्ही सांगा न हिले.’

कॅन तेव्हा खाली माझ्या स्कूटरच्या डिकीत होता.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ‘होतं असं कधी कधी, दशरथ. मन मोकळं कर.’

आवाज छान लागला होता. त्याची बायको माझ्या पाया पडली.

बक्षीस आम्हालाच मिळालं. ‘अशा माणसाची जबाबदारी नको’ म्हणून दशरथला काढलं — पत्राचा मसुदा माझा. शुद्धलेखनाची एक चूक नाही त्यात.

त्याची बायको शेजारच्या इमारतीत धुणीभांडी करते. परवा फाटकाशी भेटली. म्हणाली, ‘घरात फिनेलबी ठेवत नाही, सर. कामावर येताना त्याहिले आत ठेवून बाहेरून कडी घालते.’

मी म्हणालो, ‘बरं करतेस.’